गृहव्यवहार : जुनी विंडोज काढण्यापूर्वीं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ची नित्याची देखभाल थांबविली, आणि तेव्हांपासून एकच प्रश्न नाना रूपांनीं आमच्यापुढें येत आहे. घरांतील संगणक चालता आहे. मुलांचा अभ्यास, सुनेचें कार्यालयीन काम, सासऱ्यांचें लेखन सर्व त्यावरच होतें. आतां हें यंत्र टाकून द्यावें, कीं त्यावर नवी प्रणालि चढवावी, कीं आहे तसेंच वापरीत राहावें? कित्येक घरीं तर विंडोज ७ आणि एक्स्पी अजून नांदत आहेत. एक्स्पी इ. स. २००१ च्या ऑक्टोबरांत आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजीं तिची देखभाल संपली. विंडोज ७ ही २००९ सालीं आली आणि १४ जानेवारी २०२० रोजीं त्याच वाटेनें गेली. देखभाल संपली म्हणजे यंत्र बंद पडलें असें नव्हे. पुढें सांपडणारीं छिद्रें बुजविणारें कोणी उरलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, त्यास ही स्थिति चालणार नाहीं. जें केवळ लेखनासाठीं आहे आणि इंटरनेटास जोडलेलें नाहीं, त्यास ती आणखी कित्येक वर्षें चालेल.

प्रणालि चढवितांना यंत्र अडतें, त्याचीं कारणें बहुधा साधीं असतात. एक्स्पीची जुनी सीडी नंतरच्या काळांतील यंत्रांत घातली कीं निळा पडदा येतो आणि त्यावरील लांबलचक अंकाच्या शेवटीं ‘७ बी’ अशीं अक्षरें दिसतात. यांत डिस्क बिघडलेली नसते. हार्ड डिस्कशीं बोलण्याची ‘एएचसीआय’ नांवाची रीत त्या सीडीला ठाऊकच नसते. बायोसमध्यें जाऊन ती रीत ‘आयडीई’ केली म्हणजे सीडीस डिस्क दिसूं लागते. मात्र प्रणालि चढल्यावर ती पुन्हां पालटूं नये, नाहीं तर तोच निळा पडदा परत येतो. विंडोज ७ चढवितांना कीबोर्ड आणि माउस दोन्ही मुके होतात, त्याचें कारण यूएसबीच्या तिसऱ्या आवृत्तीचें ज्ञान तिच्या सीडींत नाहीं हें होय. यंत्रास जुन्या प्रकारचें यूएसबीचें तोंड असल्यास त्यांत जोडून पाहावें. विंडोज १० चें काम अर्ध्यावर येऊन यंत्र मागें फिरलें तर प्रथम सी ड्राइव्हवरील मोकळी जागा पाहावी. वीस-तीस गिगाबाइट तरी हवी. प्रिंटर, पेनड्राइव्ह काढून ठेवावे, बाहेरून आणलेला अँटिव्हायरस तात्पुरता उतरवावा, आणि वीज जाण्याचा संभव असेल तर यूपीएसवांचून हें काम आरंभूं नये. राहिली विंडोज ११. ती २०२१ च्या ऑक्टोबरांत आली आणि तिला ‘टीपीएम २.०’ नांवाची सुरक्षेची सोय यंत्रांत असावी लागते. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींचीं बहुतेक यंत्रें तिच्या परीक्षेस उतरत नाहींत. पळवाटा आहेत, पण पुढील सुधारणा मिळत राहतील अशी हमी नाहीं. घरच्या यंत्रावर त्या आम्ही सुचवीत नाहीं.

हें सारें संगणक दुरुस्त करणारा कोणताहि चलाख मुलगा दोन तासांत उरकतो. ‘काका, डाटा सगळा ठेवलाय’ असें म्हणून तो पैसे घेऊन जातो, आणि त्याचें म्हणणें खोटेंहि नसतें. त्याला जें दिसत नाहीं, तें म्हणजे त्या डाटांतील मराठी.

येथें थोडें मागें जाणें अवश्य आहे. विंडोज २००० ही देवनागरी समजणारी पहिली विंडोज. तत्पूर्वीं, आणि त्यानंतरहि पुष्कळ वर्षें, संगणकावरील मराठी ही एक सोंग होती. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपि, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख इत्यादि फॉण्ट आमच्या कोल्हापुरांतील लग्नपत्रिकांपासून संस्थांच्या अहवालांपर्यंत सर्वत्र चालत. त्यांची युक्ति अशी कीं, संगणक आपल्या पोटांत रोमन अक्षरेंच ठेवी; फॉण्ट मात्र प्रत्येक रोमन अक्षराच्या जागीं देवनागरीचा एक तुकडा काढून दाखवी. कृतिदेवांत ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर यंत्राच्या पोटांत ई, जे, के, मोठा बी आणि एच अशीं पांच रोमन अक्षरें असतात, दुसरें कांहीं नसतें. ई म्हणजे ‘म’, जे म्हणजे ‘र’, के म्हणजे काना. फॉण्ट जागेवर आहे तोंवर डोळ्यांस ‘मराठी’ दिसेल. फॉण्ट गेला कीं सोंग उतरतें. शिवाय प्रत्येक फॉण्टाचें सोंग निराळें. एकाचें टोपण दुसऱ्यास लागूं पडत नाहीं.

फॉण्ट जातो केव्हां? प्रणालि जागच्या जागीं श्रेणीनें वाढविली तर तो सहसा राहतो. डिस्क पुसून किंवा नव्यानें प्रणालि चढविली तर तो जातो, आणि एक्स्पीवरून सातवर येण्यास थेट वाट नसल्यामुळें लोकांना नव्यानेंच चढवावी लागे. कांहीं जुन्या मराठी सॉफ्टवेअरांस तर ‘डोंगल’ म्हणून एक कुलूप असे. तें प्रिंटरच्या रुंद तोंडांत बसे. तें तोंडच आतां नव्या यंत्रांस नाहीं. असलें तरी चौसष्ट-बिटी विंडोज त्या कुलपाचा बत्तीस-बिटी ड्रायव्हर स्वीकारीत नाहीं.

शुक्रवार पेठेंतील एका एकत्र कुटुंबांत जें घडलें तें आमच्या पाहण्यांतलें आहे. इ. स. २०२० सालीं शाळा घरांत आल्या. दोन नातवंडांच्या वर्गांसाठीं विंडोज ७ चें यंत्र अपुरें पडूं लागलें, म्हणून बाहेरच्या एकाकडून विंडोज १० नव्यानें चढवून घेण्यांत आली. आठवड्यानें घरच्या आजोबांनीं कुलवृत्तान्ताचें टांचण उघडलें. अकरा वर्षें खपून त्यांनीं तें जमविलें होतें. त्र्यंबकेश्वरास जाऊन तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या होत्या, वृद्ध माहेरवाशिणींना पत्रें लिहून त्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या होत्या. त्या माहेरवाशिणींपैकीं तोंवर एकहि हयात नव्हती. पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता चिवडा दिसत होता.

नातू म्हणाला, ‘‘आजोबा, फाईल करप्ट झाली आहे. डिलीट करून टाकूं का?’’

त्याची काकू तेथेंच धान्य निवडीत बसली होती. ती म्हणाली, ‘‘थांब बाळा. पानें किती दाखवितें तें आधीं सांग.’’

पानें जवळजवळ पूर्वींइतकींच होतीं. मग तिनें कपाटांतून पहिल्या चाळीस पानांची छापील प्रत आणविली आणि शब्दाशीं शब्द लावून पाहिला. जेथें छापील पानावर वेलांटी, तेथें पडद्यावर दर वेळीं एकच रोमन अक्षर. ‘‘पुसलेलें कांहीं नाहीं,’’ ती म्हणाली, ‘‘फक्त वेष पालटला आहे.’’ संगणकाचें कोणतेंहि शिक्षण नसलेल्या गृहिणीनें केलेलें हें निदान आम्हांस कोणत्याहि तंत्रज्ञाच्या निदानाइतकेंच पक्कें वाटतें.

डिस्क पुसलेली नसल्यामुळें जुनी सर्व प्रणालि ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरांत सांठविलेली होती, आणि त्यांतील फॉण्ट्स या पोटफोल्डरांत तो जुना फॉण्टहि सुखरूप होता. विंडोज १० मध्यें हें फोल्डर प्रायः दहा दिवसांनीं आपोआप पुसलें जातें. तो नववा दिवस होता. फॉण्ट उचलून नव्या प्रणालींत बसवितांच पानें पूर्ववत् दिसूं लागलीं. ज्यांच्या घरीं नुकतीच नवी विंडोज चढली आहे आणि जुनें लेखन चिवड्यासारखें दिसत आहे, त्यांनीं हा लेख बाजूस ठेवून प्रथम तें फोल्डर उघडावें.

तथापि फॉण्ट परत बसला म्हणून लेखन सुरक्षित झालें असें आम्ही मानीत नाहीं. आमच्या कोल्हापुरच्या पुराभिलेखागारांत मोडीचे असंख्य कागद आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत; वाचणारा दुर्मिळ. मोडी शाळांतून गेल्यावर हें होण्यास दोन पिढ्या लागल्या. फॉण्टाच्या सोंगास एक रविवार पुरतो. म्हणून जुनें लेखन युनिकोडांत आणणें हेंच खरें काम, आणि तें जुनी प्रणालि काढण्याच्या आधीं करावयाचें काम आहे.

युनिकोडाची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली आणि तींतच देवनागरीस १२८ घरें मिळालीं. त्यांत स्वरांपासून हकारापर्यंत अक्षरें प्रायः आपल्या वर्णमालेच्याच क्रमानें, वर्गवार मांडलेलीं आहेत. संस्कृत शिकविण्यांत जन्म गेलेल्यास याहून सुखाची गोष्ट अशी कीं, त्यांत लेखन दृष्टिक्रमानें नव्हे, तर उच्चारक्रमानें सांठविलें जातें. जुन्या कृतिदेवांत ‘कि’ लिहितांना वेलांटी आधीं आणि ‘क’ मागून. युनिकोडांत ‘क’ आधीं, इकार नंतर. ‘धर्म’ लिहितांना जुन्या रीतीनें ‘म’ काढून त्याच्या डोक्यावर रफार ठेवीत. युनिकोडांत रकार उच्चाराप्रमाणें मकाराच्या आधीं येतो. शिक्षाग्रंथकारांस ही व्यवस्था पसंत पडली असती.

पण रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची कसोटीहि येथेंच लागते. असे प्रोग्राम फुकट मिळतात. ते एकेक चिन्ह ओळखून पालटीत जातात आणि वेलांट्या व रफार हलवितात. कोठें रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ‘दुसऱ्या’ मधील ऱ्य बिघडतो, आणि एखादें जोडाक्षर त्यांच्या कोष्टकांत नसेल तर गाळलें जातें. शुक्रवार पेठेंतील त्या वंशावळींत ‘द्म’ हें जोडाक्षर असेंच गळालें, आणि बाळंतपणांत एकविसाव्या वर्षीं वारलेली आजोबांची पणजी पद्मावती ही ‘पावती’ झाली. शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रास यांत कांहींच वावगें दिसलें नाहीं. पावती हा शब्द शुद्ध आहे. आजोबा जुन्या यंत्रावरून मोठ्यानें वाचीत आणि काकू नव्या प्रतीवर बोट ठेवून ऐके, म्हणून तो दोष सांपडला. त्या बाईचें नांव जगांत दुसऱ्या कोठेंहि लिहिलेलें नाहीं.

तेव्हां रूपांतरानंतर दोघांनीं बसून वाचणें यास पर्याय नाहीं. एकट्याचा डोळा ओळखीच्या मजकुरावरून घसरतो. शिवाय जुन्या फॉण्टांतील प्रत पीडीएफ करून ठेवावी. पीडीएफमध्यें फॉण्ट सोबत बांधून जातो, म्हणून पान जसेंच्या तसें दिसतें. मात्र त्यांत शब्द शोधूं गेल्यास बहुधा सांपडत नाहीं, कारण पोटांत रोमनच राहतें. ताडून पाहण्यास ती उत्तम, वापरण्यास नव्हे.

एक्स्पीवरच युनिकोड लिहूं इच्छिणाऱ्यांनीं कण्ट्रोल पॅनेलमधील ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडून भाषांच्या पानावरील पहिल्या चौकोनांत खूण करावी. तेव्हां यंत्र मूळ सीडी मागतें. ही खूण नसली तर वेलांटी अक्षराच्या मागें जाते आणि जोडाक्षरें हलन्तासह फुटून दिसतात. लेखन बिघडलें असें समजून कोणी तें पुन्हां टंकूं नये. ‘ॲ’ च्या जागीं रिकामा चौकोन दिसला तरी भिऊं नये. तें अक्षर युनिकोडांत २००८ सालीं आलें, एक्स्पीच्या फॉण्टास तें कोठून ठाऊक असणार? टंकलेखनाची संवय असलेल्या वडीलधाऱ्यांची एक तक्रार असते कीं, नव्या विंडोजचा मराठी कीबोर्ड हातास बसत नाहीं. त्यांच्या जुन्या टाइपरायटरच्या मांडणीचे युनिकोड कीबोर्ड मिळतात, ते बसवून द्यावे. उच्चाराप्रमाणें रोमन कळा दाबून लिहिणाऱ्या मुलांसाठीं २०१९ पासून विंडोज १० मध्येंच सोय आली.

प्रति कोठें ठेवाव्या? इ. स. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत पंचगंगेचें पाणी नदीकडील वस्त्यांत शिरलें, हें आमच्या गांवीं कोणास सांगावयास नको. संगणक आणि त्याची प्रत असलेली पेनड्राइव्ह एकाच टेबलाच्या खणांत ठेवणें म्हणजे एकच प्रत ठेवणें होय. एक प्रत माडीवर आणि एक परगांवीं राहणाऱ्या लेकीकडे असावी.

यंत्र मुळींच उघडत नसेल तर लगेच फॉरमॅटास देऊं नये. लिनक्स नांवाची मोफत प्रणालि पेनड्राइव्हवरूनच, डिस्कला हात न लावतां, चालवितां येते. तींतून विंडोजची डिस्क उघडून फाईली आणि फॉण्टांचें फोल्डर बाहेर काढतां येतें. विंडोज ११ च्या परीक्षेंत नापास झालेल्या यंत्रावर हीच प्रणालि कायमची चढविली तर युनिकोड मराठी तींत नीट दिसते आणि पत्रव्यवहार, मुलांचें वाचन एवढीं कामें होतात. आमच्या सी-डॅकनें ‘बॉस’ नांवाची तिचीच एक भारतीय आवृत्ति काढलेली आहे.

जुनें यंत्र, त्याचें डोंगल आणि मूळ सीडी हीं मात्र रूपांतर तपासून होईपर्यंत भंगारवाल्यास देऊं नयेत. इंटरनेटची तार काढून तें वाचनापुरतें ठेवावें, आणि सीडीच्या वेष्टनावरील पंचवीस अक्षरांचा क्रमांक वहींत उतरून घ्यावा, कारण तो कागद फिका पडतो. बरेच दिवस बंद राहिलेलें यंत्र तारीख चुकीची दाखवूं लागलें तर आंतील रुपयाएवढी चपटी बॅटरी संपली असें समजावें. ‘सीआर २०३२’ असें सांगितलें कीं ती घड्याळाच्या दुकानांतहि मिळते.