निळ्या झेंड्याखालची नोकरी

बालदोस्तांनो,

मागच्या महिन्यात सातवीतल्या एका दोस्ताचं पत्र आलं. त्याचं नाव आणि गाव मी मुद्दामच सांगत नाही. वहीचं पान फाडून दोन्ही बाजूंनी गिचमिड लिहिलेलं होतं. "बाई, युनोमध्ये ड्रायव्हरला पगार किती असतो? माझे बाबा टेम्पो चालवतात. त्यांना एक माणूस भेटला आहे. तो म्हणतो, जिनिव्हाला युनोच्या ऑफिसात ड्रायव्हर पाहिजेत. महिना चार लाख रुपये, राहायला बंगला, मुलांचं शिक्षण फुकट. फक्त आधी साठ हजार भरायचे. आईच्या पाटल्या मोडायचं चाललंय. लवकर उत्तर द्या."

आता अंक छापून येईपर्यंत पाटल्या थोड्याच थांबणार होत्या! पत्रावर शाळेचं नाव होतं. त्याच दिवशी शाळेत फोन लावला, त्याच्या वर्गाच्या गुरुजींना गाठलं आणि संध्याकाळी ते स्वतः त्या घरी जाऊन आले. तिथं काय झालं ते शेवटी सांगते. पण त्या पत्रामुळे मला वाटलं, ही युनोची नोकरी म्हणजे नक्की काय असतं, हे एकदा नीट सांगायलाच हवं. तुमच्यापैकी कितीतरी जणांना मोठेपणी तिथं जावंसं वाटतं. आई-बाबांनाही वाटतं, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

युनो म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ. १९४५ साली स्थापना झाली, आज १९३ देश सभासद आहेत. युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, निर्वासितांची काळजी घेणारी संस्था, जागतिक अन्न कार्यक्रम ही सगळी याच कुटुंबातली मंडळी. तुमच्या गावात 'इंडिया मार्क दोन' जातीचा हातपंप असेल तर युनिसेफची आणि तुमची ओळख आधीपासूनच आहे. आपल्या सोलापूरकडच्या पंपावर सुधारणा करत करत १९७०च्या दशकात तो तयार झाला, आणि त्या कामात युनिसेफचा हात होता.

तर पगार. इथे दोन वेगवेगळे जिने आहेत, हे आधी लक्षात घ्या. एका जिन्याला 'पी' म्हणतात. पी-१ पासून पी-५ पर्यंत पायऱ्या, त्याच्या वर 'डी'च्या दोन. हे अधिकारी जगातून कुठूनही निवडतात आणि कुठेही पाठवतात. त्यासाठी पदवी लागते, बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभवही लागतो. दुसरा जिना 'जी'चा. जी-१ ते जी-७. कारकून, टंकलेखक, ड्रायव्हर, भांडार सांभाळणारे हे सगळे इथे. आणि ही माणसं ज्या शहरात ऑफिस असेल तिथल्याच रहिवाशांतून घेतली जातात. युनिसेफचं महाराष्ट्राचं ऑफिस मुंबईत आहे. तिथला ड्रायव्हर इथलाच असणार आणि त्याला पगारही रुपयांतच मिळणार. जिनिव्हातल्या ऑफिसची गाडी चालवायला आपल्या तालुक्यातून माणूस विमानाने नेत नाहीत! त्या भेटलेल्या माणसाचं पितळ इथंच उघडं पडलं.

'पी'वाल्यांचा पगार कसा ठरतो याची गोष्ट मजेशीर आहे. युनोच्या आधी 'राष्ट्रसंघ' नावाची संस्था होती, १९२० मध्ये सुरू झालेली. तिच्यात फ्रेंच, इंग्रज, इटालियन असे सगळे एकाच टेबलावर काम करायचे. आता प्रत्येकाला त्याच्या त्याच्या देशातल्या दराने पगार दिला तर एकाच कामाला चार भाव! आणि सगळ्यांना कमी दिला तर जास्त पगाराच्या देशातले लोक येणारच नाहीत. मग जॉर्ज नोब्लमेर नावाच्या फ्रेंच गृहस्थांच्या समितीने तोडगा काढला. ज्या देशाचं सरकार आपल्या नोकरांना सगळ्यात चांगला पगार देतं, त्याच्याकडे बघून पगार ठरवायचा, आणि तो सगळ्या देशांच्या माणसांना सारखा द्यायचा. शंभर वर्षं झाली, तरी अजून तोच नियम चालतो. सध्या तुलना अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकरांशी करतात. म्हणजे नेपाळचा अधिकारी असो की नॉर्वेचा, पायरी एक, शहर एक आणि घरची माणसं तेवढीच, तर पगारही एकच.

'शहर एक' असं म्हटलं, कारण मूळ पगारावर शहरानुसार भत्ता असतो. आपल्या शिक्षकांच्या महागाई भत्त्याचा हा लांबचा चुलतभाऊ समजा. चला, पाटी घ्या. समजा, मूळ पगार महिना ४,००० डॉलर. एका महागड्या शहराचा आकडा ६०, म्हणजे मूळ पगाराच्या ६० टक्के भत्ता. तो झाला २,४०० डॉलर, एकूण ६,४००. दुसऱ्या स्वस्त शहराचा आकडा ३०. भत्ता १,२००, एकूण ५,२००. (हे आकडे मी हिशेबासाठी घेतलेत, खरे मानू नका.) आता सांगा, श्रीमंत कोण? दोघंही नाही! दोघांच्या पिशवीत साधारण तेवढीच भाजी यावी, म्हणूनच तर हा भत्ता आहे. डॉलरला रुपयांनी गुणून डोळे विस्फारणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की जिनिव्हात राहणारा माणूस चहाही जिनिव्हाच्याच भावाने पितो.

आयकराचं एक कौतुक आहे. युनोच्या पगारावर बहुतेक देश कर घेत नाहीत, आपला भारतही घेत नाही. पण म्हणून काहीच कापलं जात नाही असं नाही. युनो स्वतःच करासारखी एक रक्कम आधी कापून घेते. हातात येतो तो राहिलेला पगार.

सवलती पुष्कळ आहेत, हे खरंच. महिन्याला अडीच दिवस, म्हणजे वर्षाला ३० दिवस रजा. मायदेशाबाहेर नेमणूक असली की साधारण दोन वर्षांतून एकदा घरच्यांसह गावी जायचा प्रवासखर्च. मुलांच्या शाळेच्या खर्चाचा मोठा भाग. पण स्वतःच्याच देशात नेमणूक असली तर ही शाळेची मदत नाही. ती परक्या देशात राहणाऱ्यांसाठी आहे. आणि पेन्शन. पगाराच्या ठरावीक रकमेच्या ७.९ टक्के कर्मचारी भरतो, त्याच्या दुप्पट, म्हणजे १५.८ टक्के संस्था भरते. निदान पाच वर्षं नोकरी झाली तर पेन्शनचा हक्क मिळतो. पेन्शन या शब्दाशी माझी लेखणी जरा थबकलीच! १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आम्हा शिक्षकांच्या घरी हा शब्द किती वेळा निघतो, हे शिक्षकांच्या मुलांना विचारा.

आता नाण्याची दुसरी बाजू. डी.एड.ला माझ्याबरोबर एक मैत्रीण होती. तिचा भाऊ पाणीपुरवठ्याचा इंजिनियर. अशाच एका संस्थेत 'पी'च्या पायरीवर लागला आणि दक्षिण सुदानला गेला. ज्या जागा धोक्याच्या असतात तिथं बायकोमुलांना नेता येत नाही. त्याबद्दल वेगळा भत्ता मिळतो, जागा जितकी खडतर तितका आणखी एक भत्ता मिळतो, आणि ठरावीक आठवड्यांनी चार-पाच दिवस बाहेर जाऊन विसावा घ्यायची सोय असते. त्याची खोली म्हणजे मालाचा लोखंडी डबा असतो ना, तसला, खिडकी कापलेला. मुलगी नाशिकला. तिचा पहिला दात पडला तो याने फोनच्या पडद्यावर पाहिला. मैत्रीण सांगत होती, तो सुट्टीवर आला की दोन दिवस ती पोर त्याला 'अहो बाबा' म्हणायची. पाहुण्याला म्हणतात तसं! तिसऱ्या दिवशी 'ए बाबा' व्हायचं, आणि मग त्याची निघायची वेळ यायची.

मी त्याला एकदा विचारलं, "दादा, पैशासाठी एवढं सोसायचं का?" तो हसला. म्हणाला, "ताई, बोअरला पाणी लागतं त्या दिवशी हिशेब सुचत नाही. बाकीचे दिवस रोज हिशेब असतो."

आणि ही नोकरी कायमची असते असंही समजू नका. बहुतेकांचा करार एक-दोन वर्षांचा असतो, तो संपला की पुन्हा वाट बघायची. युनोकडे स्वतःच्या शेताचं धान्य नाही. देश वर्गणी देतील तेवढंच ताटात. २०२५ साली मोठ्या देशांनी हात आखडता घेतला आणि फार मोठी कपात झाली. एकट्या निर्वासितांच्या संस्थेने त्या वर्षी सुमारे साडेतीन हजार पदं बंद केली. मैत्रिणीच्या भावाचा करारही वाढला नाही. सध्या तो नाशिकला आहे. नवी नोकरी शोधतोय, आणि मुलीला रोज शाळेत सोडतोय.

याहून मोठा तोटा म्हणजे जिवाचा. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमध्ये कॅनाल हॉटेलात युनोच्या ऑफिसावर बॉम्बहल्ला झाला, त्यात २२ जण गेले. तिथले प्रमुख सर्जिओ व्हिएरा द मेलो हेही त्यात होते. १९ ऑगस्ट हा 'जागतिक मानवतावादी दिन' पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. आणि गाझामध्ये ऑक्टोबर २०२३ पासून पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संस्थेचे तीनशेहून अधिक कर्मचारी मारले गेले. ही संस्था मुख्यतः शाळा आणि दवाखाने चालवते. तिचे बहुतेक सगळे कर्मचारी तिथलेच, स्वतः निर्वासित असलेले. गेलेल्यांमध्ये कितीतरी शिक्षक होते. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला विसाव्याची रजा आणि परतीचं तिकीट तरी असतं. गावच्याच शिक्षकाने जायचं कुठं? दोन जिन्यांची गोष्ट मी वर सांगितली ना, तिच्यातली मला न पटणारी बाजू ही आहे. पगारापुरती ती समजते. धोक्याच्या वेळी समजत नाही.

एक जरा हलकी गोष्ट सांगते. हलकी म्हणजे ऐकायला! युनोच्या मुख्य कार्यालयांत विद्यार्थी उमेदवारी करतात, आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. २०१५ साली न्यूझीलंडहून आलेला बावीस वर्षांचा एक मुलगा जिनिव्हात चक्क तंबू ठोकून राहिला. सूट घालून ऑफिसला जायचा आणि रात्री तंबूत! वर्तमानपत्रांत फोटो आले, जगभर चर्चा झाली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० पासून उमेदवारांना पैसे द्यायला सुरुवात केली. पण युनोच्या सचिवालयात अजूनही फुकटच. मग ज्याच्या घरी पैसा आहे तोच ही उमेदवारी करू शकणार, नाही का? पालकांनी हे आधीच जाणून घेतलेलं बरं.

तरी जावंसं वाटतंय? छान! कोफी अन्नान घानाचे. १९६२ साली जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेत अंदाजपत्रकाच्या खात्यात हिशेब बघायला लागले. १९९७ साली ते युनोचे सरचिटणीस झाले. युनोच्या कर्मचाऱ्यांतून वर चढत त्या खुर्चीवर बसलेले ते पहिलेच. कामाला इंग्रजी किंवा फ्रेंच पक्की लागते. युनोच्या सहा अधिकृत भाषांपैकी आणखी एखादी येत असेल तर सोन्याहून पिवळं. बत्तीस वर्षांपर्यंतच्या पदवीधरांसाठी एक परीक्षा असते, पण तिच्यात भाग घेणाऱ्या देशांची यादी बदलत असते, आपला देश दरवेळी असेलच असं नाही. शिवाय एक शपथ घ्यावी लागते. कुठल्याही सरकारकडून, अगदी आपल्याही, हुकूम घ्यायचा नाही. सरकारकडून मानसन्मान किंवा भेटवस्तूही स्वीकारायची नाही. आपल्या शाळेत सत्कार म्हटला की शाल-नारळ आलाच, त्यामुळे हे पचायला मला जरा वेळ लागला.

हां, आणि ते साठ हजार! पालकांनो, हे नीट वाचा. युनो अर्जाला, मुलाखतीला, प्रशिक्षणाला, कशालाही एक पैसासुद्धा घेत नाही. बँकेच्या खात्याची माहितीही मागत नाही. जागा त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर होतात आणि अर्जही तिथंच करायचा असतो. फुकटच्या ईमेल पत्त्यावरून निळ्या शिक्क्याचं नेमणूकपत्र आलं तर ते रद्दीत टाका, शिक्का कितीही सुबक असो.

गुरुजी त्या संध्याकाळी गेले तेव्हा ते पत्र टीव्हीच्या मागे जपून ठेवलेलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'ड्रायव्हर, ग्रेड पी-४'. गुरुजींनी पी आणि जीचा फरक सांगितला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पोरालाच आधी विचारायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी त्या माणसाला नाही म्हणून कळवलं, तर तो लगेच वीस हजारांवर उतरला! मग गुरुजींना बरोबर घेऊन बाबा पोलीस चौकीत गेले. पाटल्या आईच्या हातात आहेत.

परवा दोस्ताचं दुसरं पत्र आलं. आभाराची एकच ओळ, आणि खाली नवा प्रश्न: "बाई, युनोत हातपंप दुरुस्त करणारा पी असतो का जी?"

अरे, गावोगाव फिरून पंप उघडणारा मेकॅनिक तिथलाच असतो, म्हणजे जी. पंप कुठं नि किती खोल बसवायचा हे ठरवणारा इंजिनियर परदेशातून आला असेल तर पी. पण पंप बिघडला की गाव आधी कोणाला शोधतं, ते तू तुझ्या बाबांना विचार. त्यांच्या टेम्पोतून त्याने बऱ्याच फेऱ्या केल्या असतील.

तुमची,
बाई