गोळी, गूळ आणि गुंजेचा पाला

सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, मला मधुमेह झालेला नाही. या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी फोन केले, ज्यांनी दाराच्या कडीला मेथ्यांची पुडी अडकवून ठेवली, आणि खालच्या आळीतल्या ज्या काकूंनी भर रस्त्यात थांबवून 'आता पायांना जपायचं हो, अनवाणी अंगणातसुद्धा जायचं नाही' असं बजावलं, त्या सगळ्यांची मी आभारी आहे. माझी साखर जागेवर आहे. माझा दीड चमचा साखरेचा, आलं ठेचून घातलेला चहाही जागेवर आहे. या सदराच्या वाचकांना तो चांगला ठाऊक आहे, कारण त्याच्याबद्दल माझं गरजेपेक्षा जास्त लिहून झालेलं आहे.

झालं इतकंच, की गणपतीला ठाण्याहून आमच्या वन्सं यायच्या आहेत आणि त्यांना चहात साखरेऐवजी गोळी लागते. त्यांनी व्हॉट्सॲपवर डबीचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'वहिनी, हीच आणा, दुसरी नको.' मी रामआळीत औषधाच्या दुकानात गेले, फोटो दाखवला. दुकानातला मुलगा लहानपणापासून ओळखीचा. डबी काढता काढता त्याने अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काकू, शुगर कधी निघाली?"

"माझ्यासाठी नाही रे, नणंदेसाठी हवीय," मी म्हटलं.

मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडे एक नजर टाकली आणि कळलं, की शुगर निघालेला माणूस नेमकं हेच वाक्य बोलतो. संध्याकाळी दिवेलागणीला पहिला फोन आला. गोखले नाक्यापासून आमच्या घरापर्यंत बातमी इतक्या लवकर पोचते, पण वीज गेल्याची तक्रार तिथून परत जायला दुसरा दिवस उजाडतो, हे कोडं मला कधी सुटलेलं नाही.

या निमित्ताने लक्षात आलं, की वस्तू एकच, पण दुकान बदललं की घेणाऱ्याची जात बदलते. औषधाच्या दुकानात घेतलीत तर तुम्ही पेशंट. मारुती मंदिराच्या बाजूला सुपरमार्केटात घेतलीत तर ती ओट्स आणि ग्रीन टीच्या शेजारी मांडलेली असते, तिथे तुम्ही तब्येतीची काळजी घेणारे सुजाण नागरिक. कुणी कसली चौकशी करत नाही, उलट बिल करणारी मुलगी जरा आदराने बघते. वाण्याकडे मागितलीत तर तो माळ्यावरून धूळ झटकून डबी काढतो आणि वर सल्ला देतो, "कशाला ही केमिकलं? त्यापेक्षा गूळ न्या." (गुळाकडे मी येणारच आहे.) ऑनलाइन मागवली तर पाचशे गोळ्यांची मोठी डबी स्वस्त पडते आणि खोक्यात काय आहे ते कुणाला दिसत नाही, अशी माझी समजूत होती. पण आपण घरी नसलो की डिलिव्हरीवाला खोकं शेजारी ठेवून जातो, आणि शेजारी ते हलवून बघतात. गोळ्या वाजतात.

आता हिशेब. तो एकदाच मांडते, कारण आमच्या घरच्या गृहस्थांनी तो कॅल्क्युलेटरवर दोनदा केला आहे. सपाट चमचाभर साखर म्हणजे सुमारे पाच ग्रॅम. ग्रॅमला चार कॅलरी धरून वीस. साखर पंचेचाळीस रुपये किलो धरली तर चमचा पडतो साडेबावीस पैशांना. त्या चमच्याची जागा घेणारी गोळी, डबी लहान की मोठी त्यावर, पन्नास पैशांपासून रुपयापर्यंत. स्टीव्हियाची पुडी घेतलीत तर दोन-तीन रुपये आणि वर. गोळीच्या कॅलरी नगण्य, पुडीच्या तीन-चार, कारण पुडीत गोडवा चिमूटभराहून कमी आणि बाकी भर माल्टोडेक्स्ट्रिनची नाहीतर डेक्स्ट्रोजची असते. दिवसाचे तीन चहा दोन-दोन चमचे साखरेचे पिणाऱ्याच्या एकशेवीस कॅलरी वाचतात. म्हणजे तूप लावलेली एक पोळी. ती पोळी टाळायला पैसे पडत नाहीत, पण ते वन्संना कोण सांगणार?

इतक्या कमी वजनात इतका गोडवा कुठून येतो, हे मला वाचावंसं वाटलं आणि वाचल्यावर हसू आलं. यातली बरीचशी गोडी प्रयोगशाळेत हात नीट न धुतल्यामुळे सापडलेली आहे. १८७९ साली बाल्टिमोरला कॉन्स्टन्टिन फालबर्ग नावाचा गृहस्थ काम आटपून जेवायला बसला, हातातला पाव गोड लागला, ते सॅकरिन. आपल्या लहानपणच्या बर्फाच्या गोळ्यात आणि गोड सुपारीत मागाहून जिभेवर जो कडवटपणा रेंगाळायचा, तो याचाच. १९३७ मध्ये अमेरिकेतल्याच एका विद्यार्थ्याने टेबलावर ठेवलेली सिगारेट परत तोंडात धरली, ते सायक्लामेट. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटरने कागद उचलायला बोट चाटलं, ते अस्पार्टेम. आमच्या आईच्या स्वयंपाकघरात यांतल्या एकालाही पाटावर बसू दिलं नसतं.

चौथा मात्र आपल्या आडनावाचा. १९७६ साल, लंडनचं क्वीन एलिझाबेथ कॉलेज, प्राध्यापक लेस्ली हफ यांची प्रयोगशाळा, आणि तिथे साखरेवर क्लोरिनचे प्रयोग करणारे शशिकांत फडणीस. सरांनी सांगितलं, हा पदार्थ 'टेस्ट' कर, म्हणजे तपास. फडणीसांना ऐकू आलं, चाखून बघ. आपल्या तोंडी दोन्ही शब्द एकच, त्यामुळे मला यात त्यांची चूक बिलकूल वाटत नाही. त्यांनी सरळ जिभेला लावलं. साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड निघालं. तेच सुक्रालोज, आज निम्म्या जगाच्या डब्यांत आहे. सहाशे पट म्हणजे किती, तर चमचाभर साखरेचं काम आठ मिलिग्रॅममध्ये होतं. सोनाराच्या हिशेबात सांगायचं तर एका गुंजेचा पंधरावा भाग. गोळीत बाकी जे काही असतं ते ती चिमटीत धरता यावी म्हणून.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मे महिन्यात सांगून टाकलं, की वजन उतरवण्यासाठी या गोष्टींवर भिस्त ठेवू नका; लांबच्या पल्ल्यात त्याचा उपयोग दिसत नाही. हा सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता. म्हणजे वन्सं सुटल्या आणि सुपरमार्केटातले ट्रॅकपँटवाले अडकले. त्याच वर्षी आयसीएमआरची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. देशात दहा कोटींच्या वर मधुमेही, आणि राज्यांत सगळ्यांत पुढे आपला शेजारी गोवा, २६.४ टक्के. आमच्या आळीने मला गोव्याच्या खात्यात टाकलं त्यात नवल नाही.

तर गूळ. कोकणात साखरतर नावाचं गाव आहे, आंबा घाटाच्या वाटेवर साखरपाही आहे, पण साखर आणि गूळ दोन्ही घाटावरून खाली येतात. कोल्हापूरची ढेप आंबा घाट उतरून आली की तिच्या अंगी काय पुण्य लागतं कोण जाणे, तिला कुणी साखरेत धरतच नाही. चहात साखर नको म्हणणारा माणूस नाचणीची खीर गुळाची आहे म्हणून दोन वाट्या खातो. "गुळाचं आहे हो, काही होत नाही." शंभर ग्रॅम साखरेच्या चारशेच्या आत-बाहेर कॅलरी, शंभर ग्रॅम गुळाच्या तीनशे ऐंशीच्या आसपास. फरक वीसचा. रक्तात गेल्यावर ती ढेप होती की गोणी होती, हे रक्त विचारत नाही. गुळात लोह असतं हे मान्य. पण लोहासाठी गूळ खाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही; गूळ खाऊन झाल्यावर लोह आठवणारे पुष्कळ आहेत. गोव्याकडचा माडाचा गूळ घ्या, डोंगरातला मध घ्या, खजुराची पावडर घ्या, हाच प्रकार. दिसायला काळपट आणि किमतीला जड असलं की ते आपोआप तब्येतीला चांगलं होतं.

वन्संचा पुढचा मेसेज मोदकांबद्दल होता. बिनसाखरेचं सारण करता येईल का? मी उत्तर पाठवलं नाही, पण विचार केला. मोदकातला गूळ काही केवळ गोडीसाठी नसतो. तो वितळतो, खोबऱ्याचा ओलावा त्याच्यात मिसळतो, मग आटत आटत सारण एकजीव होतं आणि पारीत मुकाट्याने बसतं. आठ मिलिग्रॅमच्या जिवाने हे काम कसं व्हायचं? खोबरं मोकळंच राहणार आणि मोदक फोडला की पानभर सांडणार. अस्पार्टेमवाली गोळी असेल तर आणखी गंमत, ती उष्णतेने गोडी सोडते. तासभर शिजवून पांढरं, नुसतं खोबरं खायची तयारी हवी. आणि हिशेबच करायचा तर तोही केला. मध्यम मोदकात गूळ दोन चमचे, म्हणजे चाळीस कॅलरी. खोबरं, पिठी आणि वरून सोडलेली तुपाची धार मिळून दीडशे. गूळ काढून तूप ठेवायचं हा न्याय कुठला? त्यापेक्षा एक मोदक खावा, चवीने खावा आणि दुसऱ्याकडे बघू नये. हे मी लिहिते आहे, करते असं नाही.

पण माझी विचारपूस करायला आलेल्यांतले शिरगावचे एक आजोबा मला फार आवडले. त्यांनी मेथ्या नाही आणल्या. धोतराच्या सोग्यातून हिरवी पानं काढून पडवीत ठेवली आणि म्हणाले, "चाव." गुडमारची पानं होती, कुंपणावर चढणारा वेल, मधुनाशिनी म्हणतात तो. मी चावली. तुरट, जरा कडू, विशेष काही नाही. मग म्हणाले, "आता चहा पी." माझा लाडका दीड चमचा साखरेचा चहा मी तोंडाला लावला आणि तो नुसता आल्याचा गरम काढा होता. साखरेची चिमूट जिभेवर टाकली, वाळू. गोडी पार गेलेली. आजोबा शांतपणे तंबाखू मळत बसले होते. त्या पानातली आम्लं जिभेवर गोडाची जी ठिकाणं असतात ती तेवढ्यापुरती अडवून धरतात, असं नंतर वाचलं. अर्ध्या तासाने हळूहळू सगळं पूर्ववत झालं. मला क्षणभर वाटलं, गणपतीला आलेल्या प्रत्येकाला आरतीनंतर हे एकेक पान द्यावं आणि मग मोदक वाढावेत. सारणाचं किती वाचेल! पण घरच्या गृहस्थांनी अशा नजरेने पाहिलं, की विचार तिथेच सोडला.

आजोबा उठता उठता म्हणाले, "हे गोड मारणारं. गोड करणारं पण कुंपणावरच आहे. गुंज." आणि मला एकदम आमच्या आजीचा विडा आठवला. दात पडल्यावर ती खलबत्त्यात कुटलेला विडा खायची, त्यात चुना, कात, बडीशेप आणि गुंजेचा पाला. साखर नाही, गुलकंद नाही, तरी विडा गोड. चिंचेच्या पाल्यासारखी बारीक पानं, चावली की आधी नुसता हिरवा वास, मग सावकाश गोडी येते आणि बराच वेळ जात नाही. ज्येष्ठमधाची येते ना, तिच्याच घराण्यातली. यातल्या गोड द्रव्यांची तपासणीही झालेली आहे, साखरेच्या तीस ते शंभर पट गोड भरली. प्रयोगशाळेत बोटं चाटायच्या कितीतरी आधीपासून ही पानं आपल्या पानदानात होती. घसा बसला की कीर्तनकार आणि गवई ती गालात धरून ठेवायचे.

म्हणून परवा भर पावसात पानवाल्याकडे गेले. विड्यात गुंजेचा पाला घालतोस का, विचारलं. "घालतो की. हल्ली कोण मागत नाय. सगळ्यांना चॉकलेट पान हवं." त्याने डब्यातून सुकलेला पाला चिमूटभर काढून हातावर ठेवला, पैसे घेतले नाहीत. सुकलेल्याला गोडी कमी असते. ओला मिळेल का, तर म्हणाला, पूर्वी एक बाई भाट्याच्या पलीकडून आणून द्यायची, आता येत नाही.

कॅलरी किती, विचारू नका. चहात घालता येतो का, तेही नका विचारू. मी घालून पाहिला, चहाला ओल्या गवताचा वास येतो. तो विड्यातच बरा. पण वन्संना जेवणानंतर गोड काहीतरी लागतंच, आणि गणपतीच्या दिवसांत त्यांना बडीशेपेवर भागवायला सांगणं माझ्याच्याने होणार नाही. तेव्हा कुणाच्या कुंपणाला गुंज असेल, त्यातून पांढरी असेल तर फारच चांगलं, कारण तिचा पाला जास्त गोड म्हणतात, तर मला मूठभर ओला पाला हवा आहे. बिया नकोत. त्या लाल-काळ्या दिसायला कितीही देखण्या असल्या आणि शहाण्णव गुंजांचा तोळा करून सोनारांनी त्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या सोनं तोललं असलं, तरी आत जबरी विष आहे. घरी लहान मुलं असतील तर शेंगा उकलायच्या आत तोडून टाका. पाला घेऊन या, चहा होईल. किती चमचे हवे ते दारातच सांगा.