राष्ट्रगीत आणि बँडाची कसोटी

वरळीस आमच्या इमारतीच्या अंगणांत पंधरा ऑगस्टला झेंडावंदन होतें. यंदा तेथें तरुण मंडळींत वाद निघाला कीं, ‘वंदे मातरम्’ मागें कां पडलें? वाचकांच्या घरींही तो निघत असेल, म्हणून वृत्तान्त देतों.

पुढील कडव्यांतील देवीच्या रूपकास मुसलमान बांधवांची हरकत असल्यानें काँग्रेसच्या कार्यकारिणीनें १९३७ सालींच सभांतून पहिलीं दोन कडवीं गावीं असें ठरविलें होतें. हें कारण होतेंच. परंतु २५ ऑगस्ट १९४८ रोजीं पंडित नेहरूंनीं घटनासमितींत केलेल्या खुलाशाचा भर होता चालीवर. १९४७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या सभेच्या वेळीं आपल्या प्रतिनिधींकडे राष्ट्रगीत मागण्यांत आलें. त्यांनीं ‘जन गण मन’ची तबकडी दिली, व वाद्यवृंदानें वाजविलेली ती चाल परकीयांस आवडली. गीताची परीक्षा बँडानें करावी हें आम्हांस प्रथम चमत्कारिक वाटलें. पण ती गैर नव्हे. राष्ट्रगीत गाइलें जातें त्याहून वाजविलें अधिक जातें.

या कसोटीस उतरण्यासाठीं झटले ते एक मराठी गवई: भास्करबुवा बखल्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. समूहास गातां येईल व बँडास वाजवितां येईल अशी चाल त्यांनीं झिंझोटींत बसविली, आणि दिल्लीस जाऊन घटनासमितीच्या सभासदांस ऐकविली. १९२३ सालीं काकिनाड्याच्या अधिवेशनांत अध्यक्षांचा विरोध असतां विष्णु दिगंबर पलुसकरांनीं हेंच गीत पुरें केलें, तो प्रसंग निश्चयाचा. कृष्णरावांनीं आक्षेप ऐकून घेतला व त्यास स्वरांनींच उत्तर दिलें. आम्हांस हें अधिक कठीण वाटतें.

२४ जानेवारी १९५० रोजीं राजेंद्रप्रसादांनीं निर्णय सांगितला. मतें घेतलीं नाहींत. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत झालें, ‘वंदे मातरम्’ला समान मान मिळाला.

व्याकरणाची एक गोष्ट मात्र आमच्या पेशास धरून सांगतों. ‘वन्दे’ हें उत्तमपुरुषी एकवचन आहे. हजारों कंठ गात असले तरी प्रत्येकजण आपल्यापुरतें बोलतो. ‘जन गण मन’च्या पहिल्या कडव्यांत ‘मी’ नाहीं; तें सर्वांच्या भाग्यविधात्याचें स्तवन आहे. शाळेंतील प्रतिज्ञा पैदिमर्री वेंकट सुब्बारावांनीं १९६२ सालीं तेलुगूंत लिहिली. तिच्या मराठी रूपांत पहिल्या वाक्याचा कर्ता भारत, आणि पुढें तो ‘मी’ होतो. कर्ता कोठें बदलतो हें वर्गांत शोधावयास लावलें म्हणजे एका दमांत प्रतिज्ञा उरकणारीं मुलें ती हळू म्हणूं लागत.