जुनी गाडी ठेवावी की नवी घ्यावी?

गॅरेजवाल्याने तीस हजारांचे बिल सांगितले की घरात लगेच नव्या गाडीचा विषय निघतो. अशा वेळी वही काढावी.

समजा, ५ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी काढले. हप्ता सुमारे १०,३८० रुपये, आणि एकूण व्याज सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे ३०,००० ची दुरुस्ती तीन हप्त्यांइतकीही नाही. त्यावर गाडी वर्षभर नीट चालणार असेल तर जुनीच ठेवावी. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला हे खरे. पण कर्जाचे व्याज चुकत नाही.

जुन्या गाडीचाही खर्च मांडावा. १५ वर्षे झाली की आरटीओत तपासणी करून नोंदणी नव्याने करावी लागते, शिवाय पर्यावरण कर. चॅसी गंजली असेल तर मात्र हिशेब करत बसू नये, गाडी मोडीत काढावी. तेथे जिवाचा प्रश्न आहे.

शेजाऱ्याने नवी घेतली, हे कारण वहीच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. मुलीच्या कॉलेजची फी आणि गाडीचा हप्ता एकाच पगारातून जाणार असेल, तर आधी फी भरावी.