दंतशस्त्रक्रिया व रोग्याचे मौन

आमच्या लोकांस दुखण्याची जितकी लाज वाटते, तितकीच औषधाची भीती वाटते. आणि दाताच्या बाबतीत ही दोन्ही कळसास पोहोचतात. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथे कापसाचा हंगाम भरात असता एखाद्या व्यापाऱ्याची अक्कलदाढ ठणकू लागली, म्हणजे तो लवंगेचे तेल लावतो, तंबाखूची चिमूट दाबून धरतो, वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढतो. आणि गाल सुजून तोंड उघडेनासे झाले, म्हणजे मग दंतवैद्याचे दार ठोठावतो. माल पारखल्यावाचून बोली न लावणारा हा चतुर गृहस्थ तेथे मात्र पुढे आलेल्या कागदावर मुकाट्याने सही करतो! या मौनाविरुद्ध आमची आजची तक्रार आहे.

प्रथम एका भ्रमाचे निरसन करू. वरचा दात काढल्याने डोळा अधू होतो, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. ती निराधार आहे. दृष्टीचा मज्जातंतू निराळा व दाताचा निराळा. उलट, पू झालेला दात तसाच ठेवल्याने संसर्ग आसपास पसरतो, हाच खरा धोका होय.

कित्येक दात साध्या चिमट्याने निघतात. परंतु दाढ हाडात आडवी रुतलेली असेल, मुळे वाकडी असतील किंवा दात हिरडीखालीच मोडला असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. इंजेक्शनाने जागा बधिर करून हिरडीस छेद देतात, थोडे हाड कोरतात, प्रसंगी दाताचे तुकडे करतात आणि शेवटी टाके घालतात. दाब जाणवतो, वेदना जाणवू नये. जाणवल्यास हात वर करून तत्काळ सांगावे, सोसून शौर्य दाखवू नये.

आता विचारावयाचे काय? हा दात मुळांतील उपचाराने वाचेल काय? क्ष-किरण चित्रात खालच्या जबड्यातील मज्जातंतू मुळांपासून किती दूर आहे? तो दुखावल्यास ओठ व हनुवटी काही काळ, क्वचित कायमचीही, बधिर राहतात. हे आधी कळणे हा रोग्याचा हक्क आहे. १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहून डॉक्टरी विद्येवर कडक टीका करणाऱ्या महात्मा गांधींनी १२ जानेवारी १९२४ रोजी, कैदेत असताना, पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया कर्नल मॅडॉक यांच्या हातून करवून घेतली. पण तत्पूर्वी आपली संमती त्यांनी लेखी व समजून उमजून दिली. पुढे १९३६ पासून ज्यांनी सेवाग्रामास आपले घर केले, त्यांच्या जिल्ह्यातील लोकांनी न वाचता सही करावी, हे शोभत नाही.

विचारण्याइतकेच सांगणेही अगत्याचे आहे. मधुमेह, हृदयविकार, गर्भारपण, औषधाची वावडी, हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे, यांतील काहीही लपवू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास सांगावी. ती आपल्या मनाने बंद करू नये. विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार पुष्कळ कुटुंबांत आहे; सोयरीक मोडेल म्हणून तो झाकून ठेवणारे लोक दंतवैद्यासही अंधारात ठेवतात, हे घातक आहे. खर्ऱ्याचे व्यसनही सांगावे, कारण त्याने तोंड आखडते व साधे कामही अवघड होते.

दात निघाल्यावर खड्ड्यात रक्ताची जी गुठळी धरते, तिच्यावरच जखम भरणे अवलंबून असते. म्हणून सुमारे अर्धा तास बोळा दाबून धरावा. पहिले चोवीस तास चुळा भरू नयेत, थुंकू नये, कढत खाऊ नये. त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हळूच चूळ भरावी. तंबाखू, विडी व खर्रा जखम भरेपर्यंत सर्वथा वर्ज्य. गुठळी निघून गेल्यास दोन-चार दिवसांनी दारुण कळा सुरू होतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, त्यास भिऊ नये. परंतु रक्त थांबेना, ताप भरला, गिळण्यास वा श्वासास त्रास होऊ लागला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

शेवटी, हात कोणाचा हेही पाहावे. दंतवैद्य अधिनियम १९४८ सालचा आहे. नोंदणी नसलेल्याने हा धंदा करणे त्याने निषिद्ध ठरविले आहे. जिल्ह्यात सावंगी (मेघे) येथे दंत महाविद्यालय असता कोणा भोंदूपुढे जबडा उघडण्याचे कारण उरत नाही. दुकानाच्या वहीत एका पैचा फरक पडला तर जे रात्र जागवितात, त्यांनी स्वतःच्या देहाच्या व्यवहारात दोन प्रश्न विचारण्याचा संकोच टाकावा, एवढीच आमची विनंती आहे.