नाशिक दर्शन : गाईडने न सांगितलेले

सहलीला जाणे ही चांगली गोष्ट आहे. पण दाखवणारा काय सांगतो याकडेही आपले लक्ष हवे. देवळाली कॅम्पहून आम्ही काही कुटुंबे एका दिवसाच्या नाशिक दर्शन बसने गेलो. काळाराम मंदिरापाशी गाईडने रामाचा वनवास रंगवून सांगितला. मात्र याच मंदिराच्या प्रवेशासाठी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला, याविषयी चकार शब्द नाही!

पुढे ‘पांडवलेणी’. पांडव इथे राहिले म्हणे! वास्तविक ही त्रिरश्मी बौद्ध लेणी. क्रमांक १० च्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचे दान कोरलेले आहे. त्याने विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण कायम ठेव ठेवली. व्याज दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब तंतोतंत जुळतो! मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, हेही तिथेच लिहिले आहे. राजाच्या जावयाने ठेव ठेवावी, एवढी कापड विणणाऱ्या कष्टकऱ्यांची पत होती. आपल्या मुलांना हे कळायला नको का?

म्हणून बंधुभगिनींनो, पुढच्या सुट्टीत वस्तीने वर्गणी काढून गाडी करावी. एखादा जाणता उपासक बरोबर घ्यावा, आधी वाचून जावे आणि मुलांकडून हा हिशेब लेण्यातच करवून घ्यावा. आपण सांगितले नाही, तर मुले पांडवांचीच गोष्ट घेऊन घरी येतील.

जयभीम!