विहिरीतलं पाणी उन्हात

‘पावसाने सरासरी ओलांडली, पाण्याची चिंता मिटली.’ या आठवड्यात हा मथळा पुन्हा वाचला आणि पुन्हा चीड आली. सरासरी पर्जन्यमापक मोजतो. विहीर भरायची तर पाऊस किती पडला याइतकंच तो कसा पडला हे महत्त्वाचं, आणि तो पडण्याची रीतच बदलली आहे. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या, हे पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्येच दाखवून दिलं आहे.

आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या पाषाणावर वसलेला. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात आणि फटींमध्ये. साठवायला जागा मुळातच थोडी, त्यामुळे एक पावसाळा चुकला की तळ दिसतो. दोन-तीन आठवडे पावसाने ताण दिला की काळी जमीन भेगाळते. पुढचा पाऊस आधी ही जमीनच पिते. तिची तहान भागून खाली काही उतरायचं, तर झड लागायला हवी. तासा-दोन तासांत धो धो कोसळलेलं पाणी ओढ्याला लागतं, माती घेऊन निघून जातं. नोंद मात्र पूर्ण होते.

जे थोडं खाली उतरतं त्याचं आपण काय करतो, ते पाहायला आता शेततळ्यांकडे येतो. हवामान बदलावरचा उपाय म्हणून त्यांच्या अस्तरीकरणाला, म्हणजे आत प्लास्टिकचा कागद अंथरण्याला, अनुदान मिळतं. द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या पट्ट्यातलं असं एखादं तळं काठावर उभं राहून बघा. चारी बाजूंनी जमिनीपासून उंच उचललेला भराव, आत तळापासून काठापर्यंत प्लास्टिकचा कागद. शेतातून वाहणारं पाणी आत शिरेल अशी वाटच अनेक ठिकाणी ठेवलेली नसते. आत येतो तो विहिरीवरून किंवा बोअरवरून आलेला पाइप. पावसाळा सरता सरता मोटर सुरू होते आणि खडकाच्या फटीत सावलीला असलेलं पाणी वर येऊन उघड्यावर पडतं.

त्याच्याशेजारी जुना पाझर तलाव ठेवून पाहा. 1972 च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, माती वाहून असे तलाव बांधले. त्यातलं पाणी डोळ्यांदेखत कमी व्हायचं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना झरे फुटायचे. ते पाणी कोणा एकाचं नसायचं. गाळाने भरलेले तलाव आता कोरडे पडतात, हे खरं. पण त्यांची दुरुस्ती म्हणजे गाळ काढणं. आपण पाणी उलट्या दिशेने न्यायला लागलो. पाझर तलाव वरचं पाणी खाली सगळ्यांसाठी मुरवतो. कागदाचं शेततळं खालचं, सगळ्यांचं पाणी वर आणून एकाच्या नावावर करतं.

आणि वर आणलेलं हे पाणी टिकतंही नाही. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद तळं घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तरी काठोकाठ भरलेल्या तळ्यातून रोज सात हजार लिटर पाणी हवेत जातं. त्याच शिवारातल्या वाडीवर तेव्हा टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागलेले असतात. ऊन वाढेल तशी ही गळती वाढेल, पिकाची तहान वाढेल, उपसाही वाढेल. तापमानवाढीने वाढणाऱ्या उपशामुळे 2041 ते 2080 या काळात देशातलं भूजल आजच्या तिप्पट वेगाने घटू शकतं, असा अंदाज 2023 मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

बागायतदाराला मी दोष देत नाही. डोळ्यांसमोर बाग जळत असेल तर माणूस मिळेल तिथून पाणी आणणारच. राग आहे तो पैसे देऊन डोळे मिटून घेणाऱ्या व्यवस्थेवर. राज्याचा भूजलाचा कायदा 2009 चा आहे, तो 2014 पासून लागू आहे. हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर बंद केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, त्यालाही आता किती वर्षं झाली. मग वाहतं पाणी आत घेणारी वाट नसेल त्या तळ्याच्या अस्तरीकरणाला एक रुपयाही मिळू नये. विहिरीवरून भरलेलं प्रत्येक तळं गावच्या ताळेबंदात उपसा म्हणून लिहिलं जावं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. तो आकडा ग्रामसभेत पर्जन्यमापकाच्या आकड्याशेजारी वाचून दाखवा, आणि त्यानंतरच कुठल्या तळ्यात किती मोटरी सोडायच्या ते ठरवा.